आम्हाला एसक्यूएल नको, असं कोणी सांगितलं?

"डेव्हलपरला नव्या डेटा फ्रेमवर्ककडून चारच गोष्टी हव्यात: एसक्यूएल लिहायला लागू नये, टेबलातले बदल आपोआप व्हावेत, डेटाबेस वाटेल तेव्हा बदलता यावा, ऑफलाइन सिंक आयतं मिळावं."

हा मजकूर गेल्या आठवड्यात तीन ग्रुपवर आला. डेटा फ्रेमवर्क म्हणजे आपला कोड आणि डेटाबेस यांच्यामधलं तयार साधन. मी अंधेरीच्या एका ऑफिसात रोज हेच वापरून सॉफ्टवेअर लिहिते. मला यातलं निम्मंही नकोय.

आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसकडून माहिती मागायची भाषा. आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये ती मांडली, तेव्हा नाव होतं सीक्वेल. तिला झाकायचा, म्हणजे ती आपल्या वतीने लिहिणाऱ्या फ्रेमवर्कचा उद्योगही जुनाच: हायबरनेट २००१ चं, जँगो २००५ चं. तरी जँगोत हाताने क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहायची सोय ठेवलेली आहेच, कारण ती लागते.

आमचंच बघा. हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं सॉफ्टवेअर, जँगोत. थकबाकीच्या यादीत फ्लॅट नंबर आणि समोर मालकाचं नाव. कोडमध्ये चार ओळींचा साधा लूप. सोसायटीत २४० फ्लॅट, आणि डेटाबेसकडे जात होत्या २४१ क्वेरीज: यादीची एक, मग दर फ्लॅटमागे मालकाची एकेक. लॅपटॉपवर डेटाबेस मांडीलाच मांडी लावून बसलेला, त्यामुळे कळलं नाही. सर्व्हरवर एका फेरीला ३ मिलिसेकंद धरले तरी जवळजवळ पाऊण सेकंद नुसता ये-जा करण्यात. दुरुस्ती एका शब्दाची होती, सिलेक्ट रिलेटेड: यादीबरोबरच मालकही एकाच क्वेरीत आण. शोधण्यात मात्र अख्खी दुपार गेली. कुठल्या क्वेरी गेल्या ते दाखवणारा डीबग टूलबार लावल्यावर सगळं दिसलं, पण तो वेगळा बसवावा लागतो! रेल्स या दुसऱ्या फ्रेमवर्कने ६.१ आवृत्तीत स्ट्रिक्ट लोडिंग दिलं. ते चालू केलं की अशी चोरटी क्वेरी निघाली रे निघाली की एरर. मला हे हवंय. एसक्यूएल झाकू नका, काय पाठवताय ते दाखवा.

टेबलातले बदल आपोआप? कॉलमचं नाव 'फोन' होतं, मी 'मोबाइल' केलं. आता हे नुसतं नाव बदललं, की जुना कॉलम पुसून नवा घातला? फ्रेमवर्कला कसं कळणार? चुकलं तर २४० नंबर गेले. जँगो इथे थांबून विचारतं, नाव बदललंय का म्हणून. विचारलंच पाहिजे.

डेटाबेस बदलण्याबद्दल एवढंच सांगते. आमचा डेमो एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर होता. यादीत काळे आधी, कासार नंतर. सेक्रेटरी काकांचा फोन: "अहो, आमच्या रजिस्टरात कासार आधी आहेत." काका बरोबर होते. वर्णमालेत ळ येतो ह नंतर, युनिकोडने संगणकासाठी अक्षरांना दिलेल्या क्रमांकात मात्र व च्याही आधी, आणि एसक्यूलाइट डिफॉल्टला बाइट बघून, म्हणजे त्या क्रमांकांनुसारच, क्रम लावतं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये मराठीचं आयसीयू कोलेशन, म्हणजे अक्षरक्रमाचे नियम, लावलं, तेव्हा काळे मागे गेले. एका ओळीत डेटाबेस बदला म्हणणाऱ्यांनी कधी आडनावांची यादी लावली आहे का?

ऑफलाइन सिंकची, म्हणजे नेट नसताना नोंद करून नंतर ती जुळवून घेण्याची मागणी मात्र रास्त आहे. सोसायटीचं ऑफिस बेसमेंटमध्ये, तिथे नेटवर्कची बोंब. पण "आयतं" या शब्दावर माझा आक्षेप आहे. एक तर ॲपलचा सफारी ब्राउझर वापरात असताना सात दिवस साइटला हात लागला नाही, तर त्या साइटने ब्राउझरमध्ये साठवलेला डेटा तो पुसतो. २०२० पासून हे चालू आहे. दुसरं जास्त वाईट. खजिनदारांनी खाली बसून एका फ्लॅटचे ४,५०० जमा दाखवले. त्याच वेळी काकांनी वर घरून त्याच बिलावर चेक परत आल्याची नोंद केली. नेटवर्क आल्यावर ज्याची नोंद शेवटी पोचली तीच खरी मानायची, असं बरीच साधनं करतात, आणि दुसरी नोंद गुपचूप नाहीशी होते. फ्रेमवर्कने दोन्ही नोंदी माझ्या हातात द्याव्यात. चेक वटला की नाही, ते खजिनदार बँकेला विचारतील.