डाग म्हणजे पुरावा नाही

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या जुन्या जर्सी जमवणाऱ्यांत एक मेसेज सारखा फिरतोय. डाग आणि फाटलेलं असेल तर जर्सी मॅचमधे घातलेली, मागे खेळाडूचं नाव नसेल तर डुप्लिकेट, अस्सल असल्याचं सर्टिफिकेट असेल तर बिनधास्त घ्या. तिन्ही चूक आहे, आणि नवीन लोक यावर विसंबून पैसे घालवतात म्हणून लिहितोय.

नावाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. पेन स्टेट या युनिव्हर्सिटीच्या टीमच्या जर्सीवर नाव नसायचंच, २०१२ ते २०१४ एवढे तीनच सीझन आलं आणि २०१५ ला परत काढलं. मग १९८६ च्या चॅम्पियन टीमची म्हणून कोणी नाव शिवलेली दाखवली तर तिथेच हात जोडायचे.

आता डाग. चिखल काय घरीसुद्धा लावता येतो, सँडपेपरने घासता येतं. आणि डाग खरे असले तरी मॅचचे असतीलच असं नाही, कारण जर्सी कॉलेजची, ती पुढे प्रॅक्टिसला, ज्युनियर टीमला जायची, कधी नंबर उसवून दुसरा लावायचे, त्यात जे घासलं ते पण खरंच की! उलट ७० च्या दशकातल्या टेअर-अवे जर्सी मुद्दाम पातळ कापडाच्या, पकडलं की फाटून हातात यावी म्हणून, आणि फाटली की साइडलाइनवर दुसरी चढवायची, म्हणजे दोन-चार डाव घातलेली एकदम स्वच्छ जर्सीसुद्धा अस्सल असू शकते. मी डागांपेक्षा खांद्यावर समोरच्याच्या हेल्मेटचा रंग लागलाय का आणि रफू कुठे आहे ते बघतो.

सर्टिफिकेट हे कोणाचं तरी मत आहे, त्याने कशाशी ताडून बघितलं ते महत्त्वाचं. मी स्वतः एक कागद बघून जर्सी घेतली, नंतर त्या मॅचचा फोटो मिळाला, फोटोत बाहीवर रफू आणि माझ्या जर्सीची बाही कोरी. खूप वाईट वाटलं. दुसऱ्या एका जर्सीत मात्र शिवलेल्या ४ या आकड्याच्या खालच्या कोपऱ्याने जाळीदार कापडाचं एक भोक बरोब्बर अर्धं झाकलंय, आणि मॅचच्या फोटोच्या निगेटिव्हवरून काढलेल्या मोठ्या प्रिंटमधे तेच भोक तसंच अर्धं दिसतं. असा शिवलेला नंबर प्रत्येक जर्सीवर अगदी त्याच जागी बसत नाही, केसभर तरी सरकतोच, त्यामुळे हे जुळणं नकली करणं फार अवघड.

घ्यायच्या आधी विचारा, कुठल्या मॅचचा फोटो ताडला आणि त्यात नेमकं काय जुळलं. उत्तरात परत सर्टिफिकेटच पुढे केलं तर घेऊ नका.