पिकअपमधला सबवूफर आणि ‘न मावणारी’ लहर

बडोद्यात, आमच्या दांडिया बाजारातल्या गाडीवेड्या मंडळींत सध्या एक संदेश हातोहात फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: खर्जाची लहर आठ मीटरांहून लांब असल्याने ती पिकअपच्या केबिनमध्ये मावत नाही, म्हणून सबवूफरचा (फक्त खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरचा) डबा होईल तितका मोठा करून मागच्या हौद्यात ठेवावा, तो एमडीएफचाच (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचाच) करावा, आणि जागा कमी पडलीच तर आत कापूस ठासावा, म्हणजे डबा दुप्पट होतो. माझ्या डबल केबिन पिकअपसाठी मी डबा बांधून घेतला आहे, त्यामुळे यातले किती टिकते ते पडताळून पाहता आले.

लहरीचा हिशेब बरोबर आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर ४० हर्ट्झची तरंगलांबी सुमारे ८.६ मीटर येते. चूक आहे ती अनुमानात. कानाला अख्खी लहर नको असते. कानाच्या पडद्यापाशी हवेचा दाब वरखाली झाला की पुरते, अन्यथा इअरफोनमधून खर्ज ऐकूच आला नसता. केबिनची आतली लांबी २.५ मीटर असेल, तर जिची अर्धी तरंगलांबी तेवढी भरते त्या सुमारे ६९ हर्ट्झच्या खाली केबिनमधली सगळी हवा एकदम दाबली आणि सैलावली जाते, आणि वारंवारता जसजशी उतरते तसतशी केबिनची मदत वाढत जाते. सिद्धांतानुसार ही वाढ सप्तकामागे, म्हणजे वारंवारता दर वेळी निम्मी होताना, १२ डेसिबल असते; प्रत्यक्षात दारे-पत्रे हलतात, फटींतून हवा निसटते, त्यामुळे ती त्याहून कमी भरते. हवाबंद डब्याचा आवाज त्याच्या अनुनादाखाली (ज्या वारंवारतेला वूफर डब्यात आपसूक डोलतो, तिच्याखाली) सप्तकामागे १२ डेसिबलनेच उतरतो, म्हणजे डब्याची उणीव केबिन भरून काढते. केबिन लहान असणे ही इथे अडचण नसून सोय आहे. खात्री करायची असेल तर गाणे चालू ठेवून चारही काचा खाली कराव्यात. अगदी खालचा खर्ज पातळ झालेला लगेच कळतो.

हौद्याबद्दल फार लिहायला नको. मध्ये पोलादी भिंत आणि काच असताना तिथला डबा केबिनला नव्हे, मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याला गाणे ऐकवतो.

‘मोठा डबा, मोठा बेस’ हे मात्र सविस्तर पाहायला हवे, कारण पैसे वाया जातात ते इथेच. डब्याचे आकारमान वूफर ठरवतो. ध्वनितंत्रातले अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात मांडलेली मापे आज वूफरसोबतच्या कागदावर छापलेली असतात. समजा, व्हीएएस (वूफरच्या पडद्याच्या टांगणीइतकी लवचीक हवा किती लिटर, ते माप) ४० लिटर आणि क्यूटीएस (वूफरचे डोलणे किती आवरले जाते, ते माप) ०.५ आहे, तर सपाट प्रतिसादासाठी, म्हणजे कुठलाही सूर उगाच उठून दिसू नये यासाठी, हवाबंद डबा ४० लिटरांचा लागतो. तो निम्मा, २० लिटरांचा केला तरी जेमतेम अर्ध्या डेसिबलचा उंचवटा येतो आणि अनुनाद २२ टक्क्यांनी वर सरकतो, ज्याची बरीचशी भरपाई केबिन करते. उलट ८० लिटरांचा केला, तर हवेची स्प्रिंग सैल पडून तेवढ्याच वॅटला वूफरचा पडदा अधिक मागेपुढे जातो आणि आपली मर्यादा लवकर गाठतो. माझी चूक वेगळीच होती: सुताराला मी बाहेरची मापे दिली. १०० × ३० × २० सेंटीमीटर म्हणजे ६० लिटर, असे मी धरून चाललो होतो. १८ मिलिमीटरच्या फळ्या दोन्ही बाजूंनी वजा केल्यावर आत ४१.७ लिटर उरले, आणि वूफरचा चुंबक व आतला आधार त्यातूनही जागा खातात.

कापसाने डबा दुप्पट होत नाही. डब्यात भरतात तो कापूस बहुधा पॉलिएस्टरचा; त्याचे तंतू दाबाने तापणाऱ्या हवेची उष्णता शोषतात, त्यामुळे डबा किंचित मोठा असल्यासारखा वागतो. पण याची सैद्धांतिक मर्यादाच १.४ पट आहे आणि प्रत्यक्षात १० ते २० टक्के पदरात पडले तरी पुष्कळ. ठासून भरल्यास तो नुसती जागा अडवतो.

एमडीएफला नावे ठेवण्याचे कारण नाही. तो सर्वत्र सारख्या घनतेचा असतो आणि स्वच्छ कापला जातो. पण ‘एमडीएफच’ हा हट्ट आपल्या शहरात महागात पडतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी वस्त्यांत शिरले तेव्हा ओळखीच्या एका गाडीत सीटखाली असलेला असा डबा कडांनी फुगला, सांधे उकलले आणि तो हवाबंद राहिला नाही (गाडीचे बाकीचे हाल वेगळेच). आयएस ७१० या भारतीय मानकाच्या प्रतीच्या १८ मिलिमीटर मरीन प्लायचे (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडचे) पाण्याने इतके बिघडत नाही, आणि आतून एक आडवा आधार दिला की फळीची स्वतःची थरथर सबवूफर वाजवतो त्या वारंवारतांच्या वर जाते. माझा डबा त्याच प्लायचा आहे, सांध्यांना आतून सिलिकॉन भरलेला, आणि तो अजून उघडावा लागलेला नाही.