डीबी छताला नको, हाताला लागेल असा हवा

पावसाळ्याआधी जुन्या घरांच्या वायरिंगची कामं निघाली की डीबीबद्दल, म्हणजे घरातल्या सगळ्या सर्किटांचे खटके असलेल्या पेटीबद्दल, एक सल्ला हमखास फॉरवर्ड होत येतो: "नवा डीबी मीटरशेजारी, सोप्यातच, छताला लागून बसवा. पोरांचा हात पोचत नाही, पूर आला तरी बोर्ड कोरडा राहतो, वायर वाचते. शिवाय जागा बदलायची तर महावितरणची परवानगी लागते." कोल्हापुरातल्या पेठांमध्ये लोक यावर विसंबून कामं उरकतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी पोरांचं. डीबीला झाकण असतं, आत उघडी तार नसते. पोरानं खटका पाडलाच तर लाईट जाईल, एवढंच. शॉकपासून वाचवते ती ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट कुठं गळायला लागला की लगेच लाईट तोडणारा खटका) आणि धड अर्थिंग. उंचीचा त्यात काही वाटा नाही. पण मिक्सरमधून धूर यायला लागला आणि घरात आजी एकटीच असेल, तर तिनं आधी स्टूल शोधायचं का? वायरिंगच्या भारतीय मानकातही डीबी जमिनीपासून २ मीटरपेक्षा उंच नसावा असंच आहे. मी दीड मीटरच्या आसपास सांगेन, म्हणजे घरातल्या सगळ्यात ठेंगण्या माणसाचाही हात पोचतो. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, ते अधूनमधून दाबून ती पडते का हे बघायचं असतं. छताजवळच्या बटणाला वायरमन गेल्यावर कुणी हात लावत नाही.

पुराचा मुद्दा मात्र गंभीर आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांपलीकडे गेलं, शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीसारख्या भागात घरंच्या घरं पाण्यात होती. अशा वेळी छताजवळचा बोर्ड कोरडा राहीलही, पण तो बंद करायला कुणीतरी गुडघाभर पाण्यात, ओल्या अंगानं उभं राहून हात वर करायचा. खालचे प्लग तोवर पाण्यात गेलेले असतात. हे करू नका, कधीच करू नका.

आणि सगळ्या घराला एकच आरसीसीबी असेल तर खालचा एक प्लग ओला झाला की माडीवरचीही लाईट जाते. पूर ओसरल्यावर भिंती वाळेपर्यंत ती आरसीसीबी चालू राहतच नाही, पुन्हा पुन्हा पडत राहते. म्हणून पूरपट्ट्यात माडी असेल तर डीबी माडीवर, जिन्याच्या तोंडाशी घ्या. खालच्या मजल्याला वेगळी आरसीसीबी, वरच्याला वेगळी. खालच्या वायरी जमिनीतून न नेता वरून खाली उतरवा. पाणी गल्लीत शिरतंय असं कळताच खालचा मजला वरूनच बंद करता येतो. नंतर सप्लाय आला की वरचं चालू, खालचं मात्र वायरमननं मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून तपासेपर्यंत बंदच. मीटरच बुडाला असेल तर महावितरणनं तो तपासेपर्यंत कशालाच हात लावायचा नाही.

वायर वाचते म्हणे. आपली जुनी घरं लांबट. मीटर पुढं सोप्यात, आणि गिझर, फ्रिज, पाण्याची मोटर मागं परड्याच्या बाजूला. डीबी पुढं ठेवला तर प्रत्येक सर्किटची वायर माजघर ओलांडून मागं जाते. डीबी घराच्या मधोमध आणला तर एकच जाड वायर लांबते. व्होल्टेज पडेल ही भीतीही नको: १० स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, १२ मीटर अंतर, ३० अँपिअर लोड धरला तर २३० पैकी जेमतेम दीड व्होल्ट जातात. मात्र मीटरशेजारी मेन एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा खटका) हवाच, नाहीतर मधली अख्खी वायर संरक्षणाविना राहते. सोप्याच्या पश्चिमेकडच्या मातीच्या भिंतीवर पावसाची झड बसते, ती भिंत तर टाळाच. डीबीला कोरडी, आतली भिंत द्या. मोरीत किंवा शेगडीवर नको.

राहिली परवानगी. मीटर आणि त्याचं सील महावितरणचं, त्याला हात लावायचा नाही, मीटर हलवायचा तर अर्ज करावा लागतो. मीटरच्या पुढची वायरिंग आपली. तिथं डीबी कुठं बसवायचा हे घरमालक आणि परवानाधारक ठेकेदार ठरवतात. काम झाल्यावर त्याच्याकडून टेस्ट रिपोर्ट लेखी घ्या, त्यात मेगरचं आणि अर्थिंगचं रीडिंग आहे का ते बघा, मगच शेवटचे पैसे द्या.