पिचरचा हात गेला तर भुर्दंड कोणी सोसायचा?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. टेक्सास रेंजर्स या अमेरिकन बेसबॉल संघाने पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) जेकब डीग्रॉमवर डोळे झाकून पैसा ओतला, असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, २०२५ मध्ये ३० सामन्यांत सुरुवातीचा पिचर म्हणून उतरून त्याने मला खोटं पाडलं. आणि दुखापतीला भिऊन कुणी हात आखडता घेतला, तर संघ उभा कसा राहणार?

'डोळे झाकून' हे शब्द चुकलेच, मागे घेतो. पण हिशोब पुरा मांडू. करार पाच वर्षांचा, १८.५ कोटी डॉलरचा. २०२३ मध्ये सहा सामने झाले आणि कोपराने दगा दिला. २०२४ मध्ये अगदी हंगामाच्या शेवटी तीन. करारावर सही झाली तेव्हा आधीच्या दोन हंगामांत मिळून त्याचे २६च सामने झाले होते आणि २०१० मध्ये त्याच कोपरावर 'टॉमी जॉन' शस्त्रक्रियाही झालेली होती. ती काय असते, ते आधी सांगतो.

अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट आत वळवा. बहुतेकांच्या मनगटात मधोमध एक दोरी वर उठते. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या हातातली अशीच दोरी, म्हणजे टेंडन, काढून, हाडाला भोकं पाडून, कोपरातल्या तुटलेल्या लिगामेंटच्या (हाडांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या) जागी ओवली. त्यानंतर जॉन १६४ सामने जिंकला, पण त्याआधी अख्खा १९७५चा हंगाम बाहेर बसून.

आता तुमचा दुसरा मुद्दा. पैसे देऊच नका, असं माझं म्हणणं नाही. वॉशिंग्टन नॅशनल्स संघाने २०१५ मध्ये पिचर मॅक्स शर्झरला सात वर्षांसाठी २१ कोटी डॉलर दिले आणि ते पुरेपूर वसूल झाले. त्याच संघाने २०१९ च्या अखेरीस आपल्या दुसऱ्या पिचरला, स्टीफन स्ट्रासबर्गला, सात वर्षांसाठीच २४.५ कोटी दिले. तो त्यानंतर फक्त आठ सामने खेळू शकला. मला त्या माणसाबद्दल मनापासून वाईट वाटतं.

कुणाचा हात टिकेल हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून हात गेला तर भुर्दंड कुणाचा, हे करारातच ठरायला हवं. बोस्टन रेड सॉक्स संघाने पिचर जॉन लॅकीच्या करारात ते केलं होतं: कोपरामुळे मोठा काळ बाहेर बसावं लागलं, तर एक जादा हंगाम किमान पगारावर. २०१२ चा पूर्ण हंगाम गेला आणि ती अट लागू झाली. वर्षाला दीड कोटी डॉलरहून जास्त घेणारा लॅकी २०१५ मध्ये ५,०७,५०० डॉलरवर २१८ इनिंग्ज पिचिंग करत होता. तोवर बोस्टनने त्याला सेंट लुईसच्या संघाकडे पाठवलं होतं, पण त्याच्याबरोबर ती अटही तिकडे गेली होती.