आमचं विमान

माझ्या पैशाने आणलेल्या, माझ्या घरात, माझ्या बोटांची सालं काढून जोडलेल्या विमानाकडे बघत काल खालच्या मजल्यावरचे काका लिफ्टमध्ये तिसऱ्याच माणसाला म्हणाले, "आमचं विमान होत आलंय बरं का." आमचं! मी तिथेच उभा होतो, काखेत पंख घेऊन. तिसऱ्या माणसाने काकांचं अभिनंदन केलं आणि मला म्हणाला, "जरा सरकता का?"

तर रिमोटवर उडणाऱ्या विमानाचं किट आणलंय. इलेक्ट्रिक, फोमचं. खोक्यावरच्या फोटोत विमान ढगांच्याही वर आहे, आत मात्र फोमचे तुकडे, एक मोटर, चार सर्वो, तारा आणि स्क्रूची पुडी. बॅटरी, चार्जर, रिसीव्हर, रिमोट ह्यातलं काहीही आत नाही, हे खोक्याच्या तळाला बारीक अक्षरात छापलंय. विकत घेताना खोकं उलटं करून कोण बघतं? माहितीपुस्तिकेत नुसती चित्रं. सातव्या चित्रात पुशरॉड, म्हणजे झडपा हलवणारी बारीक सळई, नसते, आठव्यात ती जागेवर बसलेली असते, मधल्या काळात तिचं काय झालं हे ज्याने चित्र काढलं त्यालाच ठाऊक. विकणाऱ्याला मेसेज केला तर उत्तर आलं, "कृपया माहितीपुस्तिका पाहावी."

सर्वो म्हणजे नऊ ग्रॅमची छोटी मोटर, ती एलेरॉन, एलिव्हेटर वगैरे पंखांच्या आणि शेपटीच्या झडपा हलवते. रिमोट चालू करून तिला आधी मध्यावर आणायचं आणि मग वर तो प्लॅस्टिकचा हॉर्न, म्हणजे छोटासा दांडा, काटकोनात बसवायचा. आता त्या शाफ्टला बारीक दात असतात. एका दातावर बसवला की हॉर्न जरासा पुढे झुकतो, शेजारच्या दातावर बसवला की जरासा मागे, आणि सरळ बसेल असा दात कारखान्यात कोणाला काढावासाच वाटला नाही. मग उरलेला वाकडेपणा रिमोटमधून, सबट्रिमने म्हणजे सर्वोचा मध्य किंचित सरकवून, काढायचा. हे प्रत्येक सर्वोला. वरचा स्क्रू एवढासा की स्क्रूड्रायव्हरच्या टोकावरून पडला तर आवाजसुद्धा करत नाही.

आणि गम. साधा सुपरग्लू थर्मोकोलसारख्या फोमला खाऊन टाकतो म्हणून फोमला चालणारा वेगळा घ्यावा लागतो. ह्या गमचा मूळ पदार्थ १९४२ साली हॅरी कूवर नावाच्या अमेरिकन रसायनतज्ज्ञाला सापडला. शोधत होता बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक, पण हे लागेल त्याला चिकटत बसलं म्हणून त्याने वैतागून बाजूला ठेवलं. लागेल त्याला चिकटतं हे शंभर टक्के खरं आहे, फक्त जे चिकटवायचंय ते सोडून.

ह्या गमच्या वासामुळेच दार उघडं ठेवलं होतं. आणि उघड्या दारातून काका आले.

मी त्या वेळी सीजी, म्हणजे विमानाचा तोल, बघत होतो. म्हणजे असं की बॅटरी आत ठेवून, दोन्ही पंखांखाली एकेक बोट टेकवून विमान उचलायचं आणि ते आडवं राहतं का बघायचं. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर तोल हवा, माझ्या किटला ६५ मिलिमीटर दिलाय. नाक जड असलं तर विमान रडतखडत उडतं आणि शेपूट जड असलं तर एकदाच उडतं, असं ह्यातले जुने लोक सांगतात. तर दोन तर्जन्या वर करून, श्वास रोखून मी खोलीच्या मधोमध उभा आणि समोर काका.

"हे काय, ड्रोन का?"

"नाही काका, विमान."

"कॅमेरा आहे?"

"नाही."

"मग करतं काय?"

"उडतं."

"उडून कुठे जातं?"

"कुठे नाही. गोल फिरून परत येतं."

काका थोडा वेळ विचार करत राहिले. मग अगदी मनापासून म्हणाले, "मग गेलंच कशाला?"

ह्याला काय उत्तर द्यायचं? तेही दोन्ही बोटांवर विमान असताना. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये निकोला टेस्ला ह्या संशोधकाने बिनतारी चालणारी छोटी होडी लोकांना दाखवली, तेव्हा आत शिकवलेलं माकड लपवलंय अशी कोणीतरी शंका घेतली होती असं सांगतात. त्या माणसाला निदान माकड तरी सुचलं. आमच्याकडे थेट उपयोग काय. कोणी तासनतास फोनवर अंगठा घासत बसला तर त्याला कोणी विचारत नाही. काका स्वतः रोज पहाटे बागेत गोल गोल फिरून निघाले तिथेच परत येतात, मी विचारलं कधी, मग गेलातच कशाला? नाही विचारलं. कारण मला शिस्त आहे. पण विमान हातात असलं की येणारा जाणारा हिशोब मागतो, आणि उत्तर पटलं नाही की "मुलाचं आहे का?" असं विचारून परस्पर माफही करतो.

काकांनी तोवर एक बोट शेपटीवर ठेवलं. "बघू, वजन किती आहे." विमान मागे झुकलं. "अरे, हे तर मागे पडतंय. पुढे काहीतरी बांध."

"काका, बोट काढा."

बोट काढलं, विमान आडवं झालं. काका खूश. "बघ, झालं की नाही सरळ!"

मग त्यांची नजर मोटरवर गेली. काका वीजखात्यातून रिटायर झालेत हे मी सांगायला हवं होतं. मोटरवर बारीक अक्षरात छापलंय, १००० केव्ही. काकांनी चष्मा वर करून वाचलं, पुन्हा वाचलं आणि दोन पावलं मागे सरकले. "हजार केव्ही? अरे, आमच्याकडे चारशेची लाइन होती तर आम्ही खालून जाताना मान वर करायचो नाही! आणि हे तू घरात ठेवलंयस?"

मी सांगितलं, काका, हे किलोव्होल्ट नव्हेत. दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे, लोड नसताना. आपली बॅटरी तीन सेलची, ११.१ व्होल्टची, म्हणजे अकरा हजारांच्या आसपास फेरे. काकांनी मान हलवली, ती पटल्याची नव्हती, पोरगा लपवतोय ह्या अर्थाची होती. नंतर पूर्ण वेळ ते मोटरपासून हातभर लांब उभे राहिले, पण गेले नाहीत.

मोटर तपासायची होती. प्रोपेलर अर्थातच काढून ठेवलेला, घरात पातं लावून मोटर फिरवणाऱ्याची बोटं पाहुणी असतात.

"पंखा कुठाय?"

"नंतर लावणार."

"बिनपंख्याचं उडेल?"

शाफ्टला कागदी टेपचा छोटा झेंडा चिकटवला, बॅटरी जोडली. ईएससीने, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटने, सेल मोजून तीनदा टीं टीं केलं, काका म्हणाले, "गाडी रिव्हर्स घेतेय का?" थ्रॉटल किंचित वर केला आणि झेंडा उलटा फिरला. आता ईएससीतून मोटरला तीन वायरी जातात, कुठली कुठे असं काही नसतं, कशाही जोडल्या तरी निम्म्या वेळा उलटं फिरणारच, तेव्हा त्यातल्या कुठल्याही दोनांची अदलाबदल करायची आणि विषय संपला. मी वायरींना हात घालणार तेवढ्यात काका ओरडले, "उलटं फिरतंय! उलटं!"

झालं. त्या एका ओरडण्यावर अर्धं विमान त्यांच्या नावावर झालं. "मी नसतो तर हा मागे मागे गेला असता," असं ते आता पार्किंगमध्ये सगळ्यांना सांगतात आणि लोक माझ्याकडे अशा नजरेने बघतात की नशीब, वेळेवर कोणीतरी जाणता भेटला. सर्वोचे दात, सबट्रिम, पुशरॉडच्या टोकाला अर्धा अर्धा आटा फिरवत काढलेल्या रात्री, ह्याबद्दल कोणाला सांगायला गेलं तर ते घड्याळ बघतात.

आज सकाळी कळलं की रविवारी काका नातवाला घेऊन मैदानावर येणार आहेत आणि पहिल्यांदा रिमोट त्याच्या हातात द्यायचा असं ठरलंय. कोणी ठरवलं ते विचारू नका. पोरगा सहा वर्षांचा आहे. मी लायपो, म्हणजे ती बॅटरी, स्टोरेजला, म्हणजे न उडवता ठेवून द्यायच्या पातळीला, सेलमागे ३.८ व्होल्टवर उतरवून ठेवलीय. रविवारी वारा असणार आहे. नसला तरी आहे म्हणून मी सांगणार आहे.