‘वीस वर्षांत टाकी भरलीच नाही’: एका संदेशाचा प्रतिवाद

पावसाळा तोंडावर आला की एक संदेश मोबाइलवरून हमखास फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा: सेप्टिक टँक तपासण्यावर आणि उपसण्यावर पैसे घालवू नयेत, संडासाचे पाणी तुंबत नाही तोवर टाकी ठणठणीत आहे असे समजावे, दर महिन्याला गूळ, ताक आणि यीस्ट यांचे मिश्रण कमोडमध्ये ओतले की मैला आपोआप विरघळतो, उपसा केल्याने आतले ‘चांगले जीवाणू’ मरतात, आणि एवढे करूनही शंका आलीच तर झाकण उघडून आत डोकावले की पुरे. शेवटी कोणा गृहस्थांचा दाखला असतो, ज्यांच्या टाकीला वीस वर्षांत कोणी हात लावलेला नाही. रत्नागिरी जिल्ह्यात लहान घरांची बांधकामे आणि दुरुस्त्या करून घेण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. या संदेशातले जवळजवळ प्रत्येक वाक्य मला घरमालकांच्या तोंडून ऐकावे लागते, म्हणून त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

सगळा घोटाळा ‘भरणे’ या शब्दात आहे. सेप्टिक टँक ही छपरावरच्या पाण्याच्या टाकीसारखी हळूहळू भरत जाणारी वस्तू नव्हे. ती पहिल्या दिवसापासून भरलेलीच असते आणि तशीच असावी लागते. सेप्टिक टँकविषयीचे भारतीय मानक, म्हणजे आय. एस. 2470, असे सांगते की नवी टाकी वापरात आणण्यापूर्वीच ती बाहेर जाणाऱ्या नळीच्या पातळीपर्यंत साध्या पाण्याने भरून घ्यावी. त्यानंतर आत जितके पाणी येते तितकेच दुसऱ्या बाजूने शोषखड्ड्याकडे, म्हणजे ते जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याकडे, जाते. जड मैला तळाशी बसून त्याचा गाळ होतो, तेल-तूप आणि साबणाचा फेस वर साईसारखा थर धरतो, आणि या दोहोंच्या मधले त्यातल्या त्यात निवळ पाणी तेवढे बाहेर पडते. वर्षानुवर्षे वाढत असतो तो गाळ आणि वरचा थर, आणि ते दोन्ही मधल्या पाण्याची जागा खात जातात. पाण्याला टाकीत साधारण एक ते दोन दिवस निवांत थांबायला मिळाले तरच त्यातला मैला खाली बसतो. जागा आक्रसली की पाणी काही तासांतच बाहेर पडते आणि आपल्याबरोबर गाळही घेऊन जाते.

म्हणून ‘तुंबत नाही तोवर ठीक’ हा निकष मुळातच उलटा आहे. संडास तुंबतो तो या प्रक्रियेच्या अगदी शेवटी, म्हणजे गाळ शोषखड्ड्यात जाऊन तिथल्या दगडगोट्यांची आणि मातीची छिद्रे बुजल्यानंतर. टाकी एका दिवसात उपसता येते. बुजलेला शोषखड्डा मात्र बहुधा दुसरीकडे नव्याने खणावा लागतो, आणि आमच्याकडच्या कातळावर खणणे म्हणजे काय असते ते ज्याने खणले आहे त्यालाच ठाऊक. सर्वसाधारण अंदाज असा की माणशी वर्षाला 30 ते 70 लिटर गाळ साठतो. त्यातल्या त्यात कमी, म्हणजे 40 लिटर धरले तरी पाच माणसांच्या घरात दहा वर्षांत 2000 लिटर गाळ होतो, आणि अनेक घरांची संपूर्ण टाकीच 3000 लिटरची असते. मानकात लहानात लहान टाकीला 1000 लिटर क्षमता, 75 सेंटिमीटर रुंदी आणि 1 मीटर पाण्याची खोली सांगितलेली आहे. तेवढीच टाकी असेल तर याच हिशेबाने ती पाच वर्षांतच नुसत्या गाळाने भरते.

मग त्या वीस वर्षांच्या गृहस्थांचे काय? ते खोटे बोलत असतील असे मी म्हणत नाही. त्यांच्या घरी तीनपैकी एक गोष्ट असण्याचा संभव आहे. एक म्हणजे घर बहुतेक काळ बंद असते आणि मंडळी मुंबईहून गणपतीला व मे महिन्यात तेवढी येतात. अशा घरात गाळ खरोखरच सावकाश साठतो, आणि तिथे वीस वर्षे काही जाणवले नाही तर त्यात नवल नाही. दुसरी म्हणजे बाहेर जाणारी नळी शोषखड्ड्याऐवजी थेट गटारात किंवा परसामागच्या वहाळात सोडलेली आहे, त्यामुळे गाळ निमूटपणे दुसऱ्याच्या दारी पोचतो आहे. तिसरी शक्यता सर्वांत वाईट, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त आढळणारी: टाकीला तळच नाही. चार भिंती बांधून तळाला नुसती खडी पसरलेली असते, किंवा कधीकाळी घातलेले काँक्रीट तडकलेले असते, आणि मैलापाणी जमिनीत मुरत राहते.

अशी एक टाकी मी दोन ऋतूंत पाहिली आहे. मे महिन्यात घरमालक कौतुकाने म्हणाले की पंधरा वर्षांत उपसावी लागलेली नाही. झाकण काढले तेव्हा पाण्याची पातळी बाहेर जाणाऱ्या नळीच्या चांगली हातभर खाली होती, आणि जुन्या पातळ्यांच्या काळपट रेघा भिंतीवर एकाखाली एक उमटलेल्या होत्या. रोज पाच माणसे वापरत असलेल्या टाकीत पाणी नळीपर्यंत पोचत नसेल तर ते कुठे जाते, या प्रश्नाचे एकच उत्तर आहे. तीच टाकी जुलैत पुन्हा पाहिली तेव्हा पाणी जवळजवळ झाकणाला लागले होते आणि कमोड फ्लश केला की न्हाणीघराच्या जाळीतून गुडगुड आवाज येत होता. उन्हाळ्यात मैलापाणी बाहेर मुरत होते आणि पावसाळ्यात भूजल वर चढल्यावर तेच पाणी आत शिरत होते. त्या घराची विहीर टाकीपासून माझ्या पंधरा पावलांवर होती, म्हणजे जेमतेम अकरा-बारा मीटर.

या अंतराला महत्त्व आहे. मैलापाणी जमिनीत मुरवण्याची जागा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान 18 मीटर आणि राहत्या घरापासून किमान 6 मीटर असावी, असे मानकाच्या दुसऱ्या भागात म्हटले आहे. शिवाय भेगा असलेल्या खडकात ही पद्धत वापरू नये, कारण भेगांतून दूषित पाणी लांबवर जाऊ शकते, असाही इशारा तिथे आहे. कोकणातला सच्छिद्र जांभा आणि घाटावरचा तडे गेलेला काळा दगड डोळ्यांसमोर आणला की हा इशारा आपल्यासाठीच लिहिला आहे असे वाटते. विहिरीचे पाणी दिसायला काचेसारखे स्वच्छ असते, पण पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार 100 मिलिलिटरमध्ये ई-कोलाय हा जीवाणू मुळीच आढळता कामा नये, आणि तो आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. नमुना पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा द्यावा. नवे घर बांधताना टाकी ईशान्येला येऊ नये म्हणून वास्तुतज्ज्ञाला फी देणारे पुष्कळ भेटतात. शेजाऱ्याची विहीर कोणत्या दिशेला आणि किती अंतरावर आहे, असे आपणहून विचारणारा मला अजून भेटायचा आहे.

गूळ, ताक आणि यीस्टविषयी फार लिहिण्यासारखे नाही. जीवाणूंचा तुटवडा हा सेप्टिक टँकचा प्रश्न कधीच नसतो. माणसाच्या विष्ठेबरोबर ते रोज अब्जावधींनी आत जातात. जे कुजण्यासारखे असते ते हे जीवाणू कुजवतातच, आणि उरतो तो न कुजणारा भाग: वाळू, राखेने घासलेल्या भांड्यांची राख, केस, कापूस, प्लास्टिक. त्याला ताक काय करणार? दुकानात मिळणाऱ्या जीवाणूंच्या पावडरींचीही हीच कथा आहे. अशी द्रव्ये नियमित उपशाची जागा घेऊ शकत नाहीत, असेच अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचेही म्हणणे आहे, आणि तिथे तर कोट्यवधी घरे सेप्टिक टँकवर आहेत. ‘उपशाने जीवाणू मरतात’ या वाक्यात मात्र सत्याचा एक कण आहे. टाकी घासूनपुसून धुऊ नये, तळाशी साधारण 25 मिलिमीटर गाळ विरजणासारखा ठेवावा, असे मानकही सांगते. पण विरजण ठेवायचे म्हणून सगळे पातेले वर्षानुवर्षे तसेच ठेवायचे, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये.

झाकण उघडून आत डोकावण्याचा सल्ला मात्र निव्वळ चुकीचा नसून जीवघेणा आहे. आत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू असतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण त्याचे प्रमाण धोक्याच्या पातळीला पोचले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो, म्हणजे वास गेला म्हणून वायू गेला असे समजणारा माणूसच नेमका फसतो. उजेडासाठी काडी पेटवली तर मिथेनचा भडका उडू शकतो. एक जण आत पडला, त्याला काढायला दुसरा उतरला आणि दोघेही गेले, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. घरमालकाच्या दृष्टीने कायदाही स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यानुसार सुरक्षा साधनांशिवाय सेप्टिक टँक साफ करण्यासाठी कोणालाही आत उतरवणे हा गुन्हा आहे, आणि तो नगरपालिकेइतकाच खासगी व्यक्तीलाही लागू आहे; पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दहा लाख रुपये भरपाई ठरवली होती, ती 2023 मध्ये तीस लाख केली. ‘चारशे रुपयांत माणूस उतरतो’ असे सांगणारा शेजारी हा हिशेब सांगत नाही.

आता पूर्ण तपासणी म्हणजे काय, ते सांगतो, कारण पुष्कळांच्या मनात तपासणी आणि उपसा या दोन गोष्टी एकच आहेत. तपासणी उपशाच्या आधी सुरू होते. प्रथम, आत न वाकता बाहेरूनच, पाण्याची पातळी पाहायची: नळीच्या खाली असेल तर गळती, वर असेल तर पुढे कुठेतरी अडथळा. मग एका लांब काठीच्या टोकाला जुना पांढरा पंचा घट्ट गुंडाळून ती काठी तळापर्यंत सरळ नेतात, क्षणभर थांबतात आणि सावकाश वर काढतात. पंच्यावर गाळ लागला आहे तिथपर्यंत काळाकुट्ट चिकट पट्टा दिसतो आणि त्याच्यावर फक्त मळकट ओल. तो पट्टा मोजला की गाळाची उंची कळते. गाळ आणि वरचा थर मिळून पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आले असतील तर उपसा करावा. नसतील तर करू नये. गावाकडच्या बंद घराला काही वेळा हेच उत्तर मिळते, आणि उपशाचे पैसे वाचतात ते असे.

उपसा करायचे ठरले तर यंत्राच्या गाडीने पाणी खाली जात असताना बाहेर जाणाऱ्या नळीकडे पाहत राहावे. शोषखड्डा तुडुंब असेल तर तिकडचे पाणी त्याच नळीतून उलटे टाकीत पडू लागते. त्या एका धारेतून जे कळते ते एरवी खणल्याशिवाय कळत नाही. टाकी रिकामी झाली की बाहेरूनच, टॉर्चच्या उजेडात, आडभिंत (टाकीचे भाग पाडणारी आतली भिंत) शाबूत आहे का, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या नळीला टी (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) आहे का, भिंतींतून बाहेरचे पाणी पाझरते का, तळ आहे का, हे पाहतात. बाहेरच्या नळीची टी गळून पडलेली असणे हा मला वारंवार दिसणारा दोष आहे. पीव्हीसीचा तो तुकडा अगदी स्वस्त असतो, पण तो नसला की वरचा सगळा थर सरळ शोषखड्ड्यात जातो. वायू जाण्याच्या नळीच्या तोंडाला जाळी नसेल तर डासांची पैदास घरातच होते. शेवटी टाकी पुन्हा पाण्याने भरावी, आणि उन्हाळ्यात तपासणी झाली असेल तर जुलैत एकदा पातळी पाहून घ्यावी.

‘एवढा खर्च कशाला’ हा संदेशाचा उरलेला मुद्दा. जुने घर विकत घेताना लोक सातबारा, फेरफार आणि घरपट्टीच्या पावत्या काटेकोरपणे तपासतात, कौले उलटी करून वासे पाहतात, आणि टाकीविषयी मात्र ‘आहे ना?’ एवढेच विचारतात. माझ्या पाहण्यातल्या एका खरेदीत टाकीचे झाकण नव्या पेव्हर ब्लॉकखाली गाडलेले होते आणि ती नेमकी कुठे आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येईना. घर घेतल्यानंतर दुसऱ्या पावसाळ्यात अंगण उखडून शोध घ्यावा लागला. तपासणीचा खर्च त्या पेव्हर ब्लॉकच्या मजुरीहून कमीच झाला असता.

गावोगाव हे काम मालकाच्या मर्जीवर सोडलेले असले तरी तसे असलेच पाहिजे असे नाही. सातारा जिल्ह्यातल्या वाई नगरपरिषदेने 2018 पासून शहरातल्या टाक्या दर तीन वर्षांनी पाळीपाळीने उपसण्याची पद्धत सुरू केली आणि त्या गाळावर प्रक्रिया करणारा प्रकल्पही उभारला. जिथे अशी सोय नाही तिथे गाडीवाल्याला पैसे देण्याआधी गाडी कुठे रिकामी करणार हे विचारावे, आणि उत्तर गोलमाल आले तर दुसरी गाडी बोलवावी. तपासणीची तारीख, गाळाची उंची आणि झाकणाचे घराच्या दोन कोपऱ्यांपासूनचे अंतर कागदावर लिहून तो कागद सातबाऱ्याच्या फायलीत ठेवावा. पुढच्या वेळी, म्हणजे तीन वर्षांनी, पहार घेऊन अंगण ठोकत बसावे लागणार नाही.