‘नसांतला ब्लॉकेज जंतूमुळे होतो’: मेसेजमागचं अर्धसत्य

लातूर-परभणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: हृदयाच्या नसांतला ब्लॉकेज जंतूमुळे होतो, अँटिबायोटिकचा कोर्स घ्या, कोलेस्टेरॉलची गोळी बंद करा.

जंतूची गोष्ट अगदीच हवेतली नाही. १९८८ मध्ये फिनलंडच्या संशोधकांना हृदयरुग्णांच्या रक्तात क्लॅमिडिया न्यूमोनिए या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं (जंतूशी लढायला शरीर तयार करतं ती प्रथिनं) जास्त आढळली. पुढे हा जंतू धमन्यांत साचलेल्या थरातही सापडला. पण बांधावर उभा दिसला म्हणून त्यानंच बांध कोरला, असं होत नाही. अमेरिकेत सुमारे ४,००० हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर दर आठवड्याला अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. २००५ मध्ये निकाल आला: फायदा शून्य.

फ्लूनंतरच्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो, हे मात्र खरं. हिरड्यांच्या आजाराशीही संबंध दिसतो. पण हिरड्यांचा आजार हेच कारण आहे, असं सिद्ध झालेलं नाही.

थर साचतो तो मुख्यतः एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल, बीपी, शुगर, बिडी-सिगारेट आणि आनुवंशिकतेमुळं. बिडीबद्दल मेसेजात अवाक्षर नाही, हे विशेष!

मेसेज वाचून गोळी थांबवली असेल, तर आजच डॉक्टरांना सांगा. मेडिकलवरून आणलेलं अँटिबायोटिक मनानं घेऊ नका.